घोरपड आणि शेताचा बांध

खरिपाची पेरणी आटोपून पहिले दोन पाऊस चांगले झाले आणि उघडीप पडून ऊन आले, की शेताच्या बांधावर, ओढ्याच्या दरडीवर अथवा एखाद्या जुन्या वारुळाच्या माथ्यावर घोरपड अंग शेकीत पडलेली दिसते. माणसाची चाहूल लागताच ती जवळच्या बिळात किंवा झुडपात शिरते. पुष्कळ गावांतून मात्र तिला तेवढी सवड मिळत नाही. कोणी काठी उचलतो, कोणी कुत्री सोडतो, आणि थोड्याच वेळात तिचा शेवट होतो. तिला का मारले, असे विचारले असता बहुधा तीन उत्तरे मिळतात. ती विषारी आहे, हे पहिले. तिचे तेल सांधेदुखीवर गुणकारी असते, हे दुसरे. आणि ती कोंबड्यांची अंडी खाते, हे तिसरे. यांपैकी पहिली दोन उत्तरे निराधार आहेत. तिसरे खरे आहे, परंतु त्यावरील उपाय सोपा असून त्यासाठी काठीची गरज नाही.

तथापि, काठी खाली ठेविली म्हणजे घोरपड वाचली, असेही समजण्याचे कारण नाही. शेतातील ज्या जागेला शेतकरी पिकाच्या हिशेबात धरीत नाही, अशा बांधावर, तालीवर, ओघळीच्या काठी आणि पडीक तुकड्यात तिचे घर असते. अलीकडे या जागा झपाट्याने कमी होत आहेत. घोरपडीला मारणे कायद्याने गुन्हा आहे. पण बांध कोरून भुईसपाट करणाऱ्याला तिच्यासाठी कोणी जाब विचारीत नाही. म्हणून घोरपडीच्या रक्षणाचा प्रश्न हा मुख्यतः बांधाच्या रक्षणाचा प्रश्न आहे, आणि तो सोडविण्याचे सामर्थ्य इतर कोणापेक्षाही शेतकऱ्याच्या हाती अधिक आहे. हे पटण्यासाठी या प्राण्याचे जीवन कसे चालते, ते प्रथम समजून घेतले पाहिजे.

शरीर आणि स्वभाव

घोरपड ही सरड्याच्या आणि पालीच्या मोठ्या गणातील प्राणी होय. शास्त्रीय भाषेत तिला व्हॅरॅनस बेंगालेन्सिस असे म्हणतात. हे नाव १८०२ मध्ये दोदँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने केलेल्या वर्णनापासून चालत आले आहे. भारतात घोरपडीच्या चार जाती आढळतात. त्यांपैकी ही जात सर्वांत अधिक प्रदेशावर पसरलेली असून महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या परिचयाची घोरपड ती हीच. पूर्ण वाढलेल्या मोठ्या घोरपडीची लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे १७५ सेंटिमीटरपर्यंत जाते. त्यांतील अर्ध्याहून अधिक लांबी शेपटीची असते. नर मादीपेक्षा मोठा असून त्याचे वजन ७ किलोग्रॅमपर्यंत भरू शकते.

तिच्या शरीराची ठेवण जमिनीवर हिंडून भक्ष्य शोधण्यास अनुकूल अशी आहे. पाय बळकट, नखे लांब व वाकडी. नाकपुड्या तिरप्या चिरेसारख्या असून मुस्कटाच्या टोकापासून थोड्या मागे असतात. त्यामुळे माती उकरताना त्यांत माती सहजासहजी जात नाही. जीभ सापासारखी दुभंगलेली असते. ती वारंवार बाहेर काढून घोरपड हवेतील व जमिनीवरील गंधाचे कण टिपते आणि टाळूतील विशिष्ट घ्राणेंद्रियाकडे पोहोचविते. पाचोळ्याखाली दडलेला किडा तिला सापडतो तो बव्हंशी या जिभेच्या साहाय्याने. ही दुभंगलेली जीभ पाहूनच लोक तिला विषारी ठरवितात. वास्तविक ते तिच्या वास घेण्याचे साधन आहे.

ती दिवसा वावरणारी आहे. सकाळी ऊन अंगावर घेऊन शरीर पुरेसे तापले म्हणजे ती शिकारीला बाहेर पडते, आणि सायंकाळी बिळात, कपारीत, झाडाच्या ढोलीत अथवा वारुळात परतते. कडक थंडीत तिची हालचाल मंदावते. लहान पिल्ले शत्रूंपासून बचाव व्हावा म्हणून झाडांवर अधिक वेळ काढतात, तर मोठी घोरपड प्रायः जमिनीवरच शिकार करते. मात्र प्रसंग पडल्यास तीही झाडावर चढते, पोहते आणि पाण्याखाली बराच वेळ दम धरून राहते. बिळात वा कपारीत शिरल्यावर ती अंग फुगवून घट्ट रुतून बसते, नखे दगडात रोवते, आणि मग तिला बाहेर ओढणे कठीण होते. मराठीत घट्ट पकडीला घोरपडीची उपमा देतात, ती या अनुभवावरून. १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी सिंहगड घेतला, तेव्हा घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा घरोघरी सांगितली जाते. ती इतिहास नसून आख्यायिका आहे, असेच बहुतेक इतिहासकार मानतात. परंतु ज्या समाजाने या प्राण्याला अशा कथेत मानाचे स्थान दिले, त्याच समाजाने बांधावर त्याचा जीव घ्यावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

ती काय खाते

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा. वॉल्टर ऑफेनबर्ग या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने या जातीचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९४ मध्ये तिच्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. घोरपडीच्या खाण्यात भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या यांचा वाटा फार मोठा असतो, असे या अभ्यासातून दिसून आले. याखेरीज नाकतोडे, विंचू, गोगलगायी, खेकडे, बेडूक, लहान साप, पक्ष्यांची अंडी, उंदीर आणि मेलेली जनावरेही ती खाते. चराऊ रानात पडलेल्या शेणाभोवती ती घुटमळताना दिसते, ती शेणातील किड्यांसाठी. भक्ष्य लहान असो वा मोठे, ते चावून बारीक न करता ती गिळून टाकते.

येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. घोरपड म्हणजे शेतकऱ्याची बिनपगारी चाकर होय आणि तिच्यामुळे हुमणी व उंदीर यांचा नायनाट होईल, असा प्रचार काही वेळा सद्हेतूने केला जातो. तो अतिशयोक्तीचा आहे. उसात किंवा भुईमुगात हुमणीचा उपद्रव वाढला असेल, तर पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर गोळा होणारे भुंगेरे वेचून नष्ट करणे आणि खोल नांगरट करणे हेच मार्ग अवलंबिले पाहिजेत. शिवाय बेडकासारखे उपयुक्त जीवही घोरपड खाते, हे दृष्टीआड करून चालणार नाही. तिचे काम याहून साधे, पण कायमचे आहे. कीटक, उंदीर, बेडूक, साप, पक्षी या सर्वांची संख्या आटोक्यात ठेवणारी जी एक साखळी शिवारात नांदत असते, तिची ती एक बळकट कडी आहे. मेलेले जनावर खाऊन ती परिसराच्या स्वच्छतेसही हातभार लावते. अशी एक कडी निखळली तर त्याचा परिणाम एका हंगामात दिसत नाही, आणि दिसू लागेल तेव्हा ती पुन्हा जोडणे सोपे नसते. ज्या प्राण्याचा उपयोग रुपयांत मांडता येत नाही तो निरुपयोगीच, असे मानण्याची घाई शेतकऱ्याने करू नये. गांडुळाचा उपयोगही एके काळी कोणी रुपयांत मांडीत नव्हते.

कोंबड्यांच्या अंड्यांची तक्रार मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ज्या घरी चार कोंबड्यांवर मीठमिरचीचा खर्च भागतो, त्या घरी अंड्यांचे व पिल्लांचे नुकसान लहान नव्हे. त्यावर उपाय असा, की घोरपड दिवसा फिरते हे लक्षात घेऊन खुडूक कोंबडी बसविण्याची जागा दिवसाही बंदिस्त असावी. केवळ रात्री खुराड्याचे दार लावून भागत नाही. खुराडे जमिनीपासून उंच घेऊन त्याला बारीक डोळ्यांची जाळी लावावी, कुडाची भोके बुजवावीत, आणि उकिरडा व सरपणाचा ढीग खुराड्याला लागून ठेवू नये. इतके केल्यास मुंगूस आणि मांजर यांच्यापासूनही संरक्षण मिळते. रात्री झालेल्या चोरीचा आळ तर घोरपडीवर घेण्याचे कारणच नाही.

अंडी आणि बांधाची कामे

घोरपडीच्या जीवनातील सर्वांत नाजूक भाग म्हणजे तिचे प्रजनन. शेतीच्या कामांशी त्याचा संबंध फार जवळचा आहे. पण तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. चैत्राच्या सुमारास नर एकमेकांशी झुंजू लागतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत विणीचा मुख्य हंगाम असतो. मादी सपाट जमिनीत, दरडीत किंवा वारुळात बीळ खणून सुमारे २० अंडी घालते, माती लोटून बीळ भरते व मुस्कटाने ती दाबून घट्ट करते. शत्रूला हुलकावणी मिळावी म्हणून ती आसपास खोटी बिळेही उकरून ठेवते. एवढे करून ती निघून जाते. पुढचे काम मातीच्या उबेवर सोपविलेले असते.

ही अंडी उबण्यास १६८ ते २५४ दिवस, म्हणजे साडेपाच ते साडेआठ महिने लागतात. घातलेल्या अंड्यांपैकी सुमारे ४० ते ८० टक्के अंड्यांतून पिल्ले बाहेर येतात, आणि त्या पिल्लांपैकी कित्येक पुढे शिकारी पक्षी, साप व मुंगूस यांच्या तोंडी पडतात. आता हा हिशेब शेतकऱ्याने आपल्या पंचांगाशी ताडून पाहावा. श्रावणात घातलेली अंडी माघापासून चैत्रापर्यंत केव्हातरी फुटतात. म्हणजे रब्बीचे पीक निघून खळी संपतात आणि बांधबंदिस्तीची, सपाटीकरणाची व बांध जाळण्याची कामे सुरू होतात, नेमक्या त्याच दिवसांत घोरपडीची अंडी बांधाच्या पोटात असतात, किंवा पिल्ले नुकतीच बाहेर पडलेली असतात. पूर्वी ही कामे कुदळ-फावड्याने होत. बांधाचा एखादा तुकडा उकरला जाई आणि बाकीचा शिल्लक राही. आता खोदयंत्र अर्ध्या दिवसात सबंध बांध उचलून नेते. आगीची झळ खोल पुरलेल्या अंड्यांना कदाचित लागणार नाही. परंतु बांधावरच्या गवतात वावरणारी पिल्ले आणि त्यांचे खाद्य असलेले किडे त्या आगीत जळून जातात.

बांध कोरण्याची खोड जुनीच आहे. दरवर्षी नांगराचे एक तास शेजाऱ्याच्या बांधात घालावयाचे आणि त्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या व्हावयाच्या, हे गावोगावचे दुःख आहे. जमिनीचे तुकडे जसजसे लहान होत जातात, तसतसा बांधाचा हात-दोन हात पट्टा शेतकऱ्याला डोळ्यांत खुपू लागतो. त्याची ही अडचण खोटी नाही. परंतु कोरलेल्या बांधावर पिकलेले धान्य आणि बांध गेल्यामुळे वाहून गेलेली माती यांचा ताळेबंद त्याने एकदा मांडावा. मृदसंधारणाची जी शिकवण गेली कित्येक दशके शेतकऱ्यांना दिली जात आहे, तिचा पाया बांध हाच आहे. उताराच्या जमिनीत बांध माती अडवितो, पाणी मुरवितो, वैरण देतो, आणि झाडाला उभे राहावयास जागा देतो. घोरपड त्या बांधावरची पाहुणी नव्हे, जुनी रहिवासी आहे. तिच्यासाठी वेगळी जागा सोडावी, असे कोणी सांगत नाही. मातीसाठी जी जागा सोडावयाचीच आहे, तीत तिचेही भागते.

औषध, विष आणि दैवाची मुळी

घोरपडीला सापासारखे विषदंत नसतात. तिला कोंडीत पकडले तर ती फूत्कार टाकते, शेपटीचे फटके मारते व चावतेही. तिचे दात तीक्ष्ण असतात आणि कुजके मांसही तिच्या खाण्यात असल्यामुळे जखम चिघळण्याचा संभव असतो. म्हणून चावा घेतल्यास जखम साबणाने व भरपूर पाण्याने धुऊन तत्काळ दवाखान्यात जावे व धनुर्वाताची सुई टोचून घ्यावी. मांत्रिकाकडे जाऊन वेळ दवडू नये. तिच्या वाटेला न गेल्यास ती आपण होऊन माणसावर चालून येत नाही.

तिच्या चरबीचे तेल सांधेदुखीवर आणि मांस कंबरदुखीवर चालते, हा समज आजही अनेक ठिकाणी दृढ आहे. तेल कोणतेही असले तरी चोळल्याने व शेक दिल्याने घटकाभर बरे वाटते. ते श्रेय घोरपडीच्या चरबीचे नव्हे, चोळणाऱ्या हाताचे असते. गुडघे धरलेल्या वृद्ध माणसाला खरी गरज आहे ती दवाखान्यात नेऊन तपासून घेण्याची. रानात प्राणी मारून आणण्यात गेलेला दिवस त्या कामी लावला, तर रोग्याचे अधिक भले होईल.

याहून लबाडीचा प्रकार म्हणजे हत्ताजोडी. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी ही वस्तू दुर्मीळ वनस्पतीची मुळी म्हणून विकली जाते, आणि ती घरात ठेविली असता लक्ष्मी नांदते असे सांगितले जाते. २०१७ मध्ये झालेल्या तपासणीत व शास्त्रीय परीक्षणात ही मुळी नसून नर घोरपडीची वाळविलेली जननेंद्रिये असल्याचे उघड झाले. म्हणजे ज्या घरात प्राण्याला हात लावणेही पाप समजले जाते, त्या घरातील देव्हाऱ्यात असली वस्तू पुजली जात असण्याचा संभव आहे. जत्रेत वा बाजारात अशी वस्तू दिसली तर ती घेऊ नये, आणि वनखात्याला कळवावे.

कातड्याची गोष्ट थोडी निराळी आहे. गोव्यातील घुमट या वाद्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे मढवीत. वाद्य परंपरेने चालत आलेले आणि भक्तीशी निगडित, त्यामुळे बदल अवघड वाटत होता. तरीही कलावंतांनी बकऱ्याचे कातडे स्वीकारले, आणि २०१९ मध्ये गोवा शासनाने या वाद्याला वारसा-वाद्याचा दर्जा दिला. प्राणी वाचला आणि वाद्यही वाजत राहिले. परंपरा राखण्यासाठी तिच्यातील प्रत्येक साधन जसेच्या तसे राखावे लागत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

कायदा आणि गावाचे कर्तव्य

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण, तेच तिला. तिला मारणे, पकडणे, बाळगणे, तिचे मांस वा कातडे विकणे आणि तिची अंडी नष्ट करणे हे सर्व गुन्हे आहेत. त्यासाठी किमान ३ वर्षे व कमाल ७ वर्षे कारावासाची शिक्षा असून, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडाची किमान रक्कम २५,००० रुपये करण्यात आली आहे. आंतरराष्ट्रीय करारानेही तिच्या व्यापारास बंदी आहे. ही माहिती गावात पुष्कळांना नसते, आणि अजाणतेपणी एखादा गरीब मजूर गुन्ह्यात सापडतो. ती त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचविणे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. भीती घालून नव्हे, तर समजावून सांगून ते पार पाडावे.

त्याचबरोबर शेतावरच्या काही गोष्टींकडे लक्ष दिल्यास पुष्कळ साधेल. बांधबंदिस्तीचे काम एकाच वर्षी सगळीकडे न काढता टप्प्याटप्प्याने करावे, म्हणजे काही भाग अबाधित राहील. नव्याने बुजविलेले बीळ दिसल्यास तेवढा तुकडा पिल्ले बाहेर पडेपर्यंत सोडावा. पिकाला अडथळा न करणारे कडेचे वारूळ उगाच फोडू नये. बांधावरचे गवत जाळण्याऐवजी कापून वैरणीस अथवा कंपोस्टास वापरावे. विषाने मेलेले उंदीर उघड्यावर टाकू नयेत, ते गोळा करून खोल पुरावेत. कारण मेलेले प्राणी खाणाऱ्या घोरपडीला व घारी-घुबडांना त्यापासून बाधा होऊ शकते. कठडा नसलेल्या विहिरीला कठडा बांधावा. त्यात घोरपडीच्या आधी माणसाच्या लेकराचे रक्षण आहे. घोरपड घरात वा गोठ्यात शिरल्यास तिला कोंडून न मारता वाट मोकळी करून द्यावी, किंवा वनरक्षकाला बोलवावे.

यांपैकी कोणत्याही गोष्टीला अनुदान लागत नाही, आणि कोणाच्या पिकाचे नुकसानही होत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी माघ-फाल्गुनात बांधाची कामे निघण्यापूर्वी ग्रामसभेत आणि शाळेत हा विषय एकदा मांडावा. बांधावर घोरपड दिसली असता काठी शोधणाऱ्या मुलाला, ती काय खाते आणि तिची अंडी कोठे असतात, एवढे सांगणारा वडीलधारा माणूस प्रत्येक वस्तीवर एक जरी निघाला, तरी पुढील पावसाळ्यात तिला त्या बांधावर पुन्हा ऊन खाता येईल.